शब्दांवाचून स्तोत्र : जॉन कोल्ट्रेनच्या तीन ध्वनिमुद्रिका

भक्तिसंगीत म्हणजे गोड संगीत, हे समीकरण आपल्या धर्मग्रामांत इतके रुळले आहे की त्याविषयी आता कोणी प्रश्नही विचारीत नाही. गायनवृंदाचे गीत कानांना सुखवून गेले की ते भक्तिमय ठरते. त्यात एखादा खरखरीत स्वर आला, एखादी आर्त हाक उमटली, की ते ‘चर्चमध्ये शोभत नाही’. या समजुतीची कसोटी पाहणाऱ्या तीन ध्वनिमुद्रिकांविषयी आम्ही येथे लिहू इच्छितो. त्या कॅथलिक संगीतकाराच्या नाहीत आणि उपासनेसाठी केलेल्याही नाहीत. त्या जॅझच्या आहेत. आणि जॅझमध्येही ज्या वळणापाशी अनेक जुन्या रसिकांनी हात जोडून निरोप घेतला, त्या वळणावरच्या आहेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन (१९२६–१९६७) हा त्यांचा कर्ता.

जॅझशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. मुंबईच्या हॉटेलांतून विसाव्या शतकाच्या मध्यावर जे जॅझ वाजे, ते वाजविणाऱ्यांत गोव्याच्या कॅथलिक वादकांचा भरणा होता, आणि त्यांपैकी अनेकांचे स्वरलेखनाचे पहिले धडे धर्मग्रामाच्या शाळेत, चर्चच्या गायनवृंदासाठी गिरविलेले होते. पण ते जॅझ मुख्यतः नृत्याचे होते. १९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि सनी रोलिन्स येथे येऊन वाजवून गेले. हेच रोलिन्स १९५६ साली कोल्ट्रेनसोबत एका ध्वनिमुद्रणात सॅक्सोफोनची जुगलबंदी खेळले होते. स्वतः कोल्ट्रेन मात्र तोवर अकरा वर्षांपूर्वीच निवर्तला होता. त्याचे उत्तरकाळातील संगीत आपल्या घरांत फारसे पोहोचले नाही.

आधी थोडी पूर्वपीठिका. जॅझमध्ये गीताची चाल एकदा वाजवून झाली की वादक तिच्यामागील कॉर्डची मालिका कायम ठेवून तीवर उत्स्फूर्त विस्तार करतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर. १९४०च्या दशकात चार्ली पार्कर आणि त्याच्या सोबत्यांनी हा विस्तार विलक्षण वेगवान व गुंतागुंतीचा केला. त्या शैलीला ‘बीबॉप’ म्हणतात. कोल्ट्रेनने १९५९ साली ‘जायंट स्टेप्स’मध्ये या वाटेचे टोक गाठले. कॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतात की ऐकणाऱ्यास धाप लागावी! त्याच वर्षी माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये तो उलट दिशेने गेला : कॉर्ड कमी, एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ मुक्काम. रागसंगीत ऐकणाऱ्या आपल्या कानांना ही दुसरी वाट अधिक ओळखीची वाटते. पुढे १९६०च्या दशकात बीबॉपचे नियम सैल करून नवी मोकळीक शोधणारे जे जॅझ झाले त्याला ‘पोस्ट-बॉप’ असे नाव पडले. आणि ज्यांनी कॉर्ड, ठेका, चाल यांचेही बंधन झुगारले त्यांना ‘अवाँ-गार्द’, म्हणजे आघाडीवरचे, म्हटले गेले. कोल्ट्रेनच्या शेवटच्या चार वर्षांत हा सगळा प्रवास दिसतो. पण नुसत्या शैलीच्या इतिहासासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही.

कोल्ट्रेनचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेटचा. त्याचे दोन्ही आजोबा आफ्रिकन मेथॉडिस्ट परंपरेतील धर्मोपदेशक होते. तारुण्यात तो हेरॉइन आणि दारू यांच्या आहारी गेला. १९५७ साली डेव्हिसने त्याला आपल्या वाद्यवृंदातून काढून टाकले. त्याच वर्षी त्याने व्यसन सोडले, आणि ते आपल्या बळावर नव्हे तर देवाच्या कृपेने, अशी साक्ष पुढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. त्या साक्षीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे चाहत्यांचे लक्ष सहसा जात नाही. परिवर्तनानंतरही मध्ये एक काळ असा आला की आपण दिलेल्या वचनाच्या विरुद्ध वागलो, असे तो मोकळेपणाने सांगतो. व्यसनमुक्तीच्या वाटेवरील माणसांची ज्यांनी घरात किंवा धर्मग्रामात सोबत केली आहे, त्यांना या कबुलीचे मोल समजेल. एका रात्रीत पालटलेल्या माणसांच्या कथा प्रवचनात बऱ्या वाटतात. सात वर्षे पडत-उठत चाललेल्या माणसाचे आभार-स्तोत्र अधिक विश्वासार्ह असते.

त्या स्तोत्राकडे वळण्यापूर्वी एक शोकगीत ऐकले पाहिजे. १५ सप्टेंबर १९६३. रविवार. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी ठेवलेला बाँब फुटला आणि चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा. त्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी आणि उपासनेसाठी आल्या होत्या. त्यांपैकी तिघींच्या अंत्यविधीत मार्टिन लूथर किंग यांनी प्रवचन केले. दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, कोल्ट्रेनने ‘अलाबामा’ ध्वनिमुद्रित केले. ‘लाइव्ह ॲट बर्डलँड’ (१९६४) या ध्वनिमुद्रिकेत ते समाविष्ट आहे.

ही रचना जेमतेम पाच मिनिटांची. पियानोच्या खालच्या स्वरांचा थरथरता गुंजारव चालू राहतो आणि त्यावर सॅक्सोफोन बोलू लागतो. ‘बोलू लागतो’ हे आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही. ठेका नाही, वाक्ये आहेत, विराम आहेत, वाक्याच्या अखेरीस खाली उतरणारा आवाज आहे. किंग यांच्या प्रवचनाच्या लयीवर ही चाल बेतली आहे असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, व्यासपीठावरून शोकाकुल जमावाशी बोलणाऱ्या माणसाचे हे वादन आहे, एवढे कानांनाच कळते. मध्ये ड्रमवादक एल्विन जोन्स आणि सोबती काही क्षण लय धरतात, जणू माणसे आता उठून चालू लागतील. पण ती लय विरते, आणि पुन्हा तेच बोलणे, तोच गुंजारव. सांत्वन देण्याची घाई कोल्ट्रेनने केलेली नाही. याच संयमामुळे आमच्या मते ‘अलाबामा’ ही त्याची सर्वांत परिपूर्ण लघुरचना ठरते.

आपल्याकडील अंत्यविधींचा विचार येथे मनात आल्यावाचून राहत नाही. घरातून शवपेटी उठते तेव्हाचा आयाबायांचा आक्रोश चर्चच्या दाराशी येऊन थांबतो. आत कीबोर्डवर तयार ठेका सुरू होतो आणि एखादे गोड गीत त्या आक्रोशावर पांघरुणासारखे घातले जाते. त्या हंबरड्याला प्रार्थनेत जागा नाही काय? स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ प्रभू येशूने क्रुसावर उच्चारला. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. पुढे दिलाशाची एक ओळही नाही. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे जितकी आहेत तितकी आपण कधी गातो का, हा प्रश्न गायनवृंदांच्या प्रमुखांनी आणि आम्हां धर्मगुरूंनीही स्वतःस विचारण्याजोगा आहे.

आता ‘अ लव्ह सुप्रीम’. नावाचा अर्थ सर्वश्रेष्ठ प्रीती, आणि ही प्रीती देवाचीच, याविषयी कोल्ट्रेनने शंका ठेवलेली नाही. १९६४ साली लाँग आयलंडवरील घरात वरच्या मजल्यावर काही दिवस एकांतात काढून तो खाली आला, तेव्हा पर्वतावरून उतरणाऱ्या मोशेसारखा दिसत होता, अशी आठवण त्याची पत्नी ॲलिस हिने सांगितली आहे. त्या वर्षी ९ डिसेंबर रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ही सुमारे तेहतीस मिनिटांची रचना ध्वनिमुद्रित झाली. १९६५च्या आरंभी ती प्रकाशित झाली. पियानोवर मकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स.

रचनेचे चार भाग आहेत. त्यांच्या नावांचा भाव मराठीत कृतज्ञ स्वीकार, निर्धार, पाठपुरावा आणि स्तोत्र असा सांगता येईल. आरंभी एक घंटानाद होतो, मग बास चार स्वरांची एक लहानशी ओळ वाजवू लागतो. साधी, जवळजवळ बाळबोध अशी ही ओळ. पहिल्या भागाच्या उत्तरार्धात कोल्ट्रेन ती ओळ उचलतो आणि एकामागून एक बाराही स्वरस्थानांवरून वाजवितो. ‘जायंट स्टेप्स’मध्ये ज्या वादकाने कौशल्याचे डोंगर रचले, तो येथे चार स्वर हातात घेऊन दारोदार फिरतो. कोणतेही स्वरस्थान त्या प्रीतीच्या बाहेर नाही, असा याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे आणि तो आम्हांस पटतो. त्यानंतर वाद्य बाजूला ठेवून तो तेच चार स्वर शीर्षकाच्या शब्दांनी जपू लागतो. आवाज गायकाचा नाही. माळेची प्रार्थना म्हणणाऱ्या एखाद्या गृहस्थाचा असावा तसा, खालच्या पट्टीतला, ओबडधोबड. नेमक्या याच ठिकाणी काही समीक्षकांना अवघडल्यासारखे होते. आमच्या वाचकांना होणार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या भागांविषयी थोडक्यात सांगतो. ‘निर्धारा’ची चाल भारदस्त आहे, टायनरचे पियानोवादन भरघोस आहे. ‘पाठपुरावा’ ड्रमच्या एकल वादनाने सुरू होऊन भन्नाट वेगाने धावतो. जॅझचा सराव असलेल्यांना तोच सर्वाधिक आवडतो. त्याच्या शेवटी सारे शांत होतात, एकटा बास उरतो, आणि मग चौथा भाग येतो.

या चौथ्या भागासाठीच ध्वनिमुद्रिका जपून ठेवावी. कोल्ट्रेनने वेष्टनावर स्वतः लिहिलेली एक दीर्घ प्रार्थना छापली आणि हा भाग तिचेच सांगीतिक कथन आहे असे सुचविले. सूचना पुष्कळांनी वाचली, पण शब्दशः घेतली नाही. पुढे लुइस पोर्टर या अभ्यासकाने प्रार्थना आणि वादन समोरासमोर ठेवून दाखवून दिले की सॅक्सोफोन ती प्रार्थना अक्षरशः म्हणत आहे : अवयवामागून अवयव, ओळीमागून ओळ. जेथे प्रार्थनेत देवाचे आभार मानले आहेत तेथे वादन खाली, मूळ षड्जाकडे उतरते. जोन्स येथे ठेका धरीत नाही; टिंपनीचे गडगडणे तेवढे मागे ऐकू येते. प्रार्थनेचा कागद हातात घेऊन ऐकावे. कानांना पाच-दहा ओळींतच वाट सापडते आणि मग वाद्यातून शब्द ऐकू येऊ लागतात.

सेमिनरीत ज्यांनी ग्रेगोरियन स्तोत्रगायन शिकले त्यांना यात आपल्या घरची रीत दिसेल. तेथेही ओळीतील बहुतेक अक्षरे एकाच पठणस्वरावर म्हटली जातात, मध्यावर किंचित चढ-उतार, अखेरीस ठरलेला उतार. ठेका नसतो, शब्दांचे वजन हीच लय. ओवीत रचलेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) गाऊन वाचले जाई तेही असेच, अर्थाला पुढे करून स्वराला मागे ठेवणारे. कोल्ट्रेनने ही रीत कोणत्याही मठात शिकली नव्हती. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रवचन हळूहळू स्वरात चढत जाते. त्याच्या कानांवर बालपणापासून ते पडले होते. आणि सुमारे वर्षभरापूर्वी त्याने ते बर्मिंगहॅमच्या चार मुलींसाठी वाजविले होते. ‘अलाबामा’ ऐकून झाल्यावर ‘स्तोत्र’ ऐकले की दोहोंची वाणी एकच असल्याचे ध्यानात येते. ज्या वाणीने त्याने शोक केला, त्याच वाणीने आभार मानले. विलाप गिळून टाकून केलेली ही स्तुती नव्हे, आणि म्हणूनच ‘अ लव्ह सुप्रीम’ला केवळ मनःशांतीची ध्वनिमुद्रिका म्हणून विकणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

तिसरी ध्वनिमुद्रिका ‘मेडिटेशन्स’, आणि येथे वाचकांच्या संयमाची खरी परीक्षा आहे. २३ नोव्हेंबर १९६५ रोजी ती ध्वनिमुद्रित झाली. चौघांत आता फॅरो सँडर्स हा दुसरा सॅक्सोफोनवादक आणि रशीद अली हा दुसरा ड्रमवादक यांची भर पडली होती. पहिल्याच भागाचे नाव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे आहे. क्रुसाची खूण करून सुरुवात केल्यासारखे वाटते, आणि पुढल्याच क्षणी कानांवर कोसळतो तो कल्लोळ! दोन्ही सॅक्सोफोन किंचाळतात, घोगरतात, श्वास तुटेपर्यंत एकच स्वर घुसळतात. दोन्ही ड्रम दोन निरनिराळ्या लाटांसारखे आदळतात. आमच्या एका जाणकार स्नेह्याने हे ऐकून विचारले होते, ‘यात पवित्र काय?’ प्रश्न रास्त आहे. पंडित रविशंकर यांच्याविषयी कोल्ट्रेनला इतका आदर की १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. पण पंडितजींनाही त्याच्या संगीतातील खळबळ ऐकून अस्वस्थ वाटले होते.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस संत ऑगस्टीनकडे जावेसे वाटते. स्तोत्रांवरील आपल्या विवेचनात त्याने ‘युबिलुस’ या शब्दरहित गायनाविषयी लिहिले आहे. कापणी करणारे, द्राक्षमळ्यात राबणारे लोक आनंदाने इतके भरून येतात की गीताचे शब्द सोडून नुसताच आवाज काढू लागतात. हृदय जे बोलू शकत नाही ते त्या आवाजाने व्यक्त होते. आणि जो देव शब्दांत मावत नाही त्याच्यासाठी याहून योग्य गाणे कोणते, असा त्याचा आशय. ‘आलेलुया’च्या शेवटच्या स्वरावरील ग्रेगोरियन आलाप हे याचे आपण जतन केलेले रूप. ते अतिशय देखणे आहे. पण शेतातल्या त्या मूळ आरोळीचा दमसास त्यात कितपत उरला आहे, अशी शंका येते. कोल्ट्रेन आणि सँडर्स यांच्या वादनात ती आरोळी पुन्हा ऐकू येते. त्रैक्याच्या गूढापुढे वाक्ये मोडून पडतात, हे आम्ही सेमिनरीत ग्रंथांतून शिकलो. येथे ते कानांनी अनुभवता येते.

तरीही समीक्षकाने तोलूनमापून बोलले पाहिजे. पहिला भाग आम्हांस गरजेपेक्षा लांबलेला वाटतो, आणि सँडर्सच्या काही चीत्कारांत तळमळीपेक्षा तंत्राचा सोस अधिक जाणवतो. पुढे मात्र ध्वनिमुद्रिका सावरते. ‘करुणा’ या भागात टायनरचा पियानो पुन्हा स्थिर जमीन देतो. ‘प्रीती’च्या आरंभी गॅरिसनचा एकटा बास बराच वेळ चालत राहतो, आणि नंतर कोल्ट्रेन जी चाल वाजवितो तिच्यात ‘अ लव्ह सुप्रीम’चीच आर्तता आहे. पुन्हा एकदा वादळ उठते आणि शेवटी ‘प्रशांती’ येते. ही शांती त्या वादळातून गेल्यावाचून कळत नाही. शेवटचा भागच तेवढा ऐकू पाहणाऱ्यास त्यात काही विशेष आढळणार नाही. तीन महिने आधी, २ सप्टेंबरला, चौघांनीच वाजविलेला याच संकल्पनेचा पहिला खर्डा १९७७ साली प्रकाशित झाला. नवख्या श्रोत्याने तो आधी ऐकावा. त्याच वर्षी जूनमध्ये अकरा वादकांनी वाजविलेले ‘असेन्शन’ मात्र आम्ही कोणाला आग्रहाने ऐकवणार नाही. स्वर्गारोहणाचे नाव असूनही त्यात चढण फार आणि शिखर कमी.

कोल्ट्रेनच्या श्रद्धेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आपण सर्वच धर्मांवर विश्वास ठेवतो, असे त्याने ‘मेडिटेशन्स’च्या संदर्भात म्हटले होते, १९६५च्याच ऑक्टोबरात त्याने ‘ओम’ नावाची रचना केली, तिच्यात गीतेतील वचनांचे पठण आहे. त्रैक्याचे नाव त्याने आपल्या श्रद्धासूत्राच्या अर्थाने घेतले, असा दावा करणे अप्रामाणिक होईल. मात्र ‘मेडिटेशन्स’च्या सव्वीस दिवस आधी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांचा अव्हेर न करण्याची घोषणा केली होती, हेही विसरू नये. सॅन फ्रान्सिस्कोत आफ्रिकन ऑर्थोडॉक्स परंपरेतील एका मंडळीने कोल्ट्रेनला संतपदी बसवून त्याच्या नावाने चर्च चालविले आहे. तेवढे पुढे आम्ही जाणार नाही. आमच्या दृष्टीने तो प्रार्थना करणारा वादक होता, आणि तेवढे पुरे.

हे संगीत मिस्सामध्ये वाजवावे असे आम्ही सुचवीत आहोत काय? नाही. पोप संत दहावे पायस यांनी १९०३ साली, २२ नोव्हेंबरला, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पियानो आणि ड्रम यांना चर्चची दारे बंद केली होती. १९६३च्या परिषदेने ग्रेगोरियन गायनाचा मान कायम ठेवून लोकांच्या आपापल्या संगीतपरंपरांना वाट करून दिली. त्या वाटेने जॅझ खरोखरच वेदीजवळ आले : १९५७ साली कॅथलिक झालेल्या पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांनी पेरूचे कृष्णवर्णीय संत मार्टिन दी पोरेस यांच्यावर स्तोत्र रचले, आणि १९७५ साली त्यांची मिस्सा न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये झाली. त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. आमचा मुद्दा उपासनेपूर्वीचा, श्रोत्याच्या घडणीचा आहे. ज्या कानांनी प्रार्थना म्हणून केवळ गोडवाच ऐकला, ते कान बाविसाव्या स्तोत्रापाशी आल्यावर ते ऐकतील, की पुढील पानाकडे वळतील?

१७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने कोल्ट्रेनचे निधन झाले. वय अवघे चाळीस. चार दिवसांनी न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी झाला. तेथे अवाँ-गार्द जॅझचे दोन अग्रणी, ऑर्नेट कोलमन आणि अल्बर्ट आयलर, आपापल्या चमूंसह वाजविते झाले. आयलरच्या वादनाचे ध्वनिमुद्रण २००४ साली प्रकाशित झाले आहे. आवाज अस्पष्ट असला तरी ते ऐकावे. वाजविता वाजविता आयलरने दोनदा सॅक्सोफोन तोंडापासून दूर केला आणि भर चर्चमध्ये नुसत्या गळ्याने आरोळी ठोकली. एक आरोळी दुःखाची होती आणि दुसरी आनंदाची, असे त्या वेळी तेथे असलेल्यांचे सांगणे आहे.